विहिणींची एकादशी

जेवलं की मिटलं, हे मनकर्णाबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती लेकीला घेऊन अमडापुराहून निघाली ती तोंड शिवूनच.

त्यांच्या सोयऱ्यांत रीतच तशी. लेक सासरहून येऊन बसली, विहिणींचं बिनसलं, की सोयरीक जुळवणारा मध्यस्थ दोन्हीकडच्यांना एका पंगतीला बसवतो. बोलणं गोड होवो की कडू, लेकीकडच्या मोठ्या माणसानं विहिणीसोबत अन्नाचा घास घेतला की भांडण संपलं. दुसऱ्या दिवशी लेकीला गाडीत बसवायचं आणि मागचं काही उकरायचं नाही. आणि पुढं आलेलं ताट लेकीकडच्यांनी उगाच लोटलं, तर सगळा दोष लेकीचा. मग मध्यस्थ गावोगाव सांगत फिरणार, पोरगीच नांदणारी नाही म्हणून.

खाल्लं तर लेक योगिनी सासरी जाते, लोटलं तर योगिनीचं नाव जातं. मनकर्णाबाईनं यावर एकच तोड काढली होती. विहिणीनं, सोजराबाईंनी, बोलावणं धाडलं की कधी मेथीचा तोडा आहे म्हणायचं, कधी पाहुणे आहेत म्हणायचं. असं करत करत तिनं तो दिवस बरोबर एकादशीवर आणून ठेवला. एकादशीला अन्न शिवायचं नाही. आणि एकादशीचं ताट लोटलं म्हणून कोणी कुणाला नाव ठेवत नाही.

नवऱ्याला, रामरावला, तिनं घरीच ठेवलं. "तुमी नका येऊ," ती म्हणाली. "तुमाले एकादशी निभत नाही. वाढलेलं ताट दिसलं का तुमी लेकही विसरता."

रामरावनं घातलेली टोपी पुन्हा खुंटीला लावली. खरंच होतं ते.

जागा मात्र सोजराबाईंनी निवडली होती. ओट्यावरची बैठक त्यांना नको होती. ओट्यावर चार बाया गोळा होतात, कोणी तरी आवाज चढवतं, कोणी तरी विचारतं की पोरीच्या कानाला झालं तरी काय. त्यापेक्षा मेहकरच्या पुढं, समृद्धी महामार्गाला लागून, जिथं परवापर्यंत तुरीची वावरं होती तिथं उठलेलं ते बडं हॉटेल बरं. दारात तळं, तळ्यात कमळं. कमळं खरी, तळं खोटं. वरच्या मजल्यावर व्हिएतनामचं जेवण देणारं दालन. बांबूचे पडदे, तांबूस दिवे, आणि शांतता अशी की चमचा टेकला तरी माणसं वळून बघावीत. तिथं मनकर्णाबाई ओरडणार कशी, हा सोजराबाईंचा हिशोब.

"या, ईहीनबाई," सोजराबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. जांभळं रेशमी लुगडं, हातभर बांगड्या. "सापडलं न दार? म्हनलं, भाजीच्या टेम्पोवाल्यानं मागच्या फाटकातून नेलं का काय तुमाले."

"मागच्या फाटकातूनच येनार होतो," मनकर्णाबाई म्हणाली, "पन तिथं लिहिलं होतं, सामान इथं उतरवा. म्हनलं, आपन काही सामान नाही. पोरगीही नाही."

मध्ये बसलेले तुळशीरामदादा खोकले. हे सोयरीक जुळवणारे. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि तोंडात सदा सोजराबाईंची बाजू. योगिनीचं लग्न त्यांनीच जमवलं होतं; ते मोडलं तर त्यांच्या शब्दाला बाजारात कोण विचारतो?

"बसा, बसा. चांगल्या कामाले आलो," ते म्हणाले. "तोंड कडू नका करू."

योगिनी आईशेजारी बसली. तिच्या डाव्या अंगाला नवऱ्यानं, हरिओमनं, खुर्ची ओढली, मुद्दाम. डाव्या कानानं तिला आता नीट ऐकू येत नाही. चिखलीच्या त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात, कृषी केंद्रात, एका गिऱ्हाइकाला ती बोलून गेली होती, "काका, हे पाकीट जुनं हाय, मुदत गेली याची, दुसरं घ्या." गिऱ्हाईक पाकीट ठेवून निघून गेलं. हरिओमनं काउंटरमागंच, हमालांपुढं, तिच्या कानशिलात लावली. बुलढाण्याच्या डॉक्टरनं कानात दिवा घालून पाहिलं आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. तेव्हापासून त्या कानात रहाट फिरल्यासारखा आवाज येतो, असं योगिनी म्हणते. पाणी मात्र कधी वर येत नाही.

"ऐक न," हरिओम डावीकडून म्हणाला.

तिला ऐकू गेलं नाही.

"बघा दादा," हरिओम तुळशीरामांकडं वळला. "बोललं त उत्तर नाही देत. हा माज पाहून राह्यले न तुमी?"

 मनकर्णाबाईच्या ओठांच्या आत एक ओवी फिरत होती. जातं घरातून कधीच गेलं, पण ओवीला त्याचं काय. ती मेथीच्या वाफ्यातही येते, टेम्पोतही येते, आणि आज या गार खोलीतही आली होती.

माझी बाई योगिनी
कुंपनाची वेल
इकडून ऊन तिले
तिकडून ओल

काळा अंगरखा घातलेली एक मुलगी पाणी घेऊन आली. नांदुऱ्याची प्राची म्हणून पोर, छातीवर नावाची पट्टी. हरिओमनं पदार्थांची यादी उघडलीसुद्धा नाही.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मी खुद्द व्हिएतनाम फिरून आलो. बियाणं कंपनीनं नेलं होतं आमाले, समद्या मोठ्या डीलरले. तिथं सकाळी उठून लोक हेच खातात, फो. मोठं वाडगं, तांदळाच्या शेवया, रस्सा. मामी, तुमी काऊन घाबरून राह्यल्या? समदं शाकाहारी सांगतलं."

"मी घाबरत नाही, जावाईबापू. मी वास घेऊन राह्यली."

"कशाचा?"

"पाकीट नवं हाय का जुनं, त्याचा."

हरिओमचा चेहरा दिव्यासारखाच तांबूस झाला. सोजराबाईंनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. इथं आवाज चढवता येत नव्हता. सोजराबाईंनी दुसऱ्यांसाठी विणलेलं जाळं सगळ्यात आधी त्यांच्याच पोराला काचलं.

ताटल्या आल्या. ओल्या पापडासारख्या पारदर्शक पोळीत गुंडाळलेल्या शेवया आणि काकडी. एका टोपलीत नुसता पाला: सांबार म्हणजे कोथिंबीर, पुदिना आणि जांभळ्या देठाचं काही तरी. तुळशीरामांनी ते पान बोटात चुरगळलं, नाकाशी नेलं आणि चटका बसल्यासारखं खाली टाकलं.

"तुळस हाय ही! तुळशीले दात लावता तुमी?"

"त्यांची तुळस वेगळी राह्यते, दादा," हरिओम म्हणाला.

"देव वेगळा हाय का मग त्यांचा?" तुळशीरामांनी टोपली लांब सारली.

मग योगिनीपुढं, हरिओमपुढं आणि सोजराबाईंपुढं मोठी वाडगी आली. रश्श्याची वाफ वर चढली. दालचिनी, बडीशेप, भाजलेलं आलं. योगिनी सकाळपासून उपाशी होती. तिची नजर वाडग्यावर गेली आणि लगेच मांडीवर उतरली. चौथं वाडगं मनकर्णाबाईपुढं ठेवताना सोजराबाईंनी ते स्वतःच्या हातानं दोन बोटं पुढं सरकवलं.

"घ्या, ईहीनबाई. माह्या हातचं समजा."

"माही एकादशी हाय आज."

बोलून मनकर्णाबाईनं पदर सारखा केला. तिला वाटलं, झालं. आता हे चरफडतील, आपण उठू, घरी जाऊ.

सोजराबाई हसल्या. हळदीकुंकवाला बायका हसतात तसं, ओठांनीच.

"मले काय माहित नाही? तुमचा मेथीचा तोडा बरोबर एकादशीलेच संपला, ते मले समजलं नाही वाटते तुमाले? मी बी पोरी नांदवल्या, ईहीनबाई." आणि प्राचीकडं वळून, "आन बाई ते, सकाळी फोन करून सांगतलेलं."

प्राचीनं एक बांबूचा डबा आणला. झाकण काढलं तशी आत केळीच्या पानावर छोटी छोटी काचेसारखी उकडलेली बोंडं दिसली. आतलं सारण बाहेरून दिसत होतं.

"साबुदाणा," सोजराबाई एकेक अक्षर चघळत म्हणाल्या. "साबुदाण्याच्या पिठाचं. आत शेंगदाणा, खोबरं आनि साखर. कांदा नाही, तेल नाही, तांदळाचा कण नाही. विचारा या पोरीले."

"हो मावशी," प्राची म्हणाली. "वेगळ्या भांड्यात केलं. मॅडमनी तसं सांगितलं होतं."

 मनकर्णाबाई ज्या दारानं निघणार होती तिथंच सोजराबाई कडी घालून बसल्या होत्या.

"दादा," सोजराबाई म्हणाल्या, "तुमीही एकादशीवाले. सांगा ईहीनबाईले. हे उपासाले चालते का नाही?"

तुळशीरामांनी एक बोंड उचललं, उजेडात धरलं, फोडलं, आतलं सारण पाहिलं. त्यांनाही भूक लागलीच होती. "चालते," ते म्हणाले आणि तोंडात टाकलं. "वा. गोड हाय. विठ्ठल, विठ्ठल. फराळाचं हाय, मनकर्णाबाई. निर्मळ."

"फराळाचं," सोजराबाई म्हणाल्या. "म्या म्हनलंच. आता सांगा, खानार का ताट लोटनार? लोटा. दादा पाहून राह्यले. उद्या समद्या सोयऱ्यांत बातमी जाईल मंग, का पोरीचीच माय माजोरी, पोरगी काय नांदनार."

त्यांनी स्वतःच एक बोंड उचललं. विहिणीला घास भरवताना धरतात तसं, तीन बोटांत. ते मनकर्णाबाईच्या ओठांसमोर आणून ठेवलं. दुसऱ्या हातात त्यांचा फोन तयारच होता. तो त्यांनी प्राचीकडं दिला. "काढ व फोटो. दादाही येऊ दे त्यात."

टेबलाखाली योगिनीनं आईचा हात धरला. धरला म्हणजे काय, विहिरीत पडलेल्या माणसानं दोर धरावा तसा.

मनकर्णाबाई त्या बोंडाकडं बघत राहिली. दिव्याचा उजेड त्यातून आरपार जात होता. पहिल्यांदा तिला फक्त राग दिसला. मग सोजराबाईंची तीन बोटं दिसली, मग त्यांच्या मागं तुळशीरामांचा चघळणारा जबडा दिसला, आणि त्याच्याखाली त्यांच्या गळ्यातली माळ.

"दादा," ती हळूच म्हणाली. "पुन्हा एकदा सांगा. हे फराळाचं हाय न?"

"हाव बाई, फराळाचं. मी खाल्लं न."

"तुमी बी म्हनता, ईहीनबाई?"

"हाव न! किती डाव सांगू? फराळ, फराळ! लेकरासारखं काऊन करून राह्यल्या? उघडा तोंड."

मनकर्णाबाईनं तोंड उघडलं.

फोनचा प्रकाश चमकला. योगिनीची बोटं सुटली. दोर सुटावा तशी सुटली, आणि तिनं दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले, जणू ते आता कोणाचेच नव्हते. तिनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही. मनकर्णाबाईला तेवढं मात्र लागलं. पण तिनं शांतपणे चावलं, गिळलं, पदरानं ओठ टिपले.

"झालं!" सोजराबाई खुर्चीला टेकल्या. अंगठ्यानं फोनवर काही तरी टाइप करू लागल्या. "सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. दोन्ही ईहीनी एका ताटात जेवल्या, भांडण मिटलं. उद्या सकाळी गाडी पाठवते. आनि ऐक व पोरी, आल्यावर दुकानात पाय ठेवायचा नाही. बियाण्याची अक्कल लय हाय तुले, ती चुलीपाशी दाखव."

"आन तो कान," हरिओम म्हणाला, "त्याचं नाटक बी माहेरी ठेवून ये."

"कोन जेवलं?" मनकर्णाबाई म्हणाली.

"आँ?"

"मी इचारते, कोन जेवलं?"

"तुमी! आता! माह्या हातानं! फोटो हाय!"

"मी फराळ केला, ईहीनबाई. तुमीच म्हनलं. तीन तीन डाव म्हनलं. फराळाले कोनी जेवन म्हनते का? एकादशी काऊन करतात मंग लोक?" ती तुळशीरामांकडं वळली. आवाज इतका खाली की शेजारच्या टेबलावरची माणसं खुशाल खात राहिली. "दादा, तुमीच सांगा. मी जेवली का?"

तुळशीरामांनी तोंड उघडलं. सोजराबाईंच्या बाजूनं बोलायची त्यांच्या जिभेला सवय होती. शब्द दातांपर्यंत आलाही. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. पुन्हा थरथरला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला. ग्रुपवर फोटो होता: घास भरवणाऱ्या सोजराबाई, तोंड उघडलेली मनकर्णाबाई आणि मधोमध, गाल फुगवून चघळत असलेले, माळ घातलेले ते. वर लिहिलेलं: जेवल्या. खाली भावकीतल्या कोणी तरी विचारलं होतं, "दादा, आज एकादशी ना?"

तुळशीरामांच्या कपाळाला घाम आला, एवढ्या गारव्यात.

"सोजराबाई," ते म्हणाले, "हे काय लिहिलं तुमी? मी काय एकादशीचा जेवलो?"

"दादा, ते त ईहीनबाईसाठी..."

"मी बी त्याच डब्यातलं खाल्लं! ते जेवन असंल त माही एकादशी मोडली. माळ घातल्यापासून कधी मोडली नाही, ते काय मी आता या बांबूच्या खोलीत बसून मोडू? मिटवा ते आधी. काढा!"

"पन दादा, भांडन मिटलं का नाही?"

"फराळानं भांडन मिटत नाही," तुळशीराम म्हणाले. म्हणताना ते स्वतःच दचकले. पण आता मागं येता येत नव्हतं. "अन्न लागते. तांदूळ, गहू, ज्वारी. रीत हाय ती. फराळ म्हंजे उपास. दोन ईहीनी संग उपाशी राह्यल्या, एवढंच झालं."

सोजराबाईंनी फोटो काढून टाकला. बांगड्या एवढ्या जोरात वाजल्या की कोपऱ्यातलं एक जोडपं वळून बघायला लागलं. सोजराबाईंनी त्यांच्याकडं बघून ओठ ताणले, हसल्यासारखं केलं आणि दातांतल्या दातांत बोलल्या.

"लय चलाख समजता न सोताले? उद्या द्वादशी हाय. उद्या तुमची एकादशी सुटते. उद्या कुठं पळसान?"

"कुठंच नाही. उद्या तुमीच या अमडापूरले," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्या ओट्यावर. भाकरी, भरीत, जे असंल ते मी वाढते. पन आधी जावाईबापूंनी बोलायचं. दुकानात काय केलं, कोनापुढं केलं, कोन्या हातानं केलं. समद्या बायांपुढं, खुल्या आवाजात. मंग मी सोता तुमच्या तोंडात घास घालते."

"माह्या पोरानं बायांपुढं कान धरायचा? तुमी भाजी इकनारे..."

"हाव, आमी भाजी इकतो. शिळी झाली का म्हशीपुढं टाकतो. पाकिटात घालून नाही इकत."

हरिओम अर्धा उठला. मूठ टेबलावर आली, पण आपटली नाही. इथं आपटता येत नव्हतं. ती नुसती पांढऱ्या कापडावर, बांधून ठेवलेल्या कुत्र्यासारखी बसून राहिली. तुळशीराम पाणी पीत होते आणि कोणाकडंच बघत नव्हते.

"चाल, योगिनी," मनकर्णाबाई उठली.

"थांब, माय."

योगिनी हे बोलली तेव्हा सगळे तिच्याकडं वळले. सगळ्या संध्याकाळभरात तिचा आवाज पहिल्यांदाच आला होता. तिनं आईचा सुटलेला हात पुन्हा धरला, घट्ट दाबला आणि सोडला.

"मले भूक लागली," ती म्हणाली. "सकाळपासून काही नाही खाल्लं."

"खाऊ नको इथलं!" मनकर्णाबाई घाबरून म्हणाली. "त्यांचं अन्न..."

"माहं जेवन कोन मोजते, माय? दादा, रीत काय हाय? लेकीकडच्या मोठ्या मानसानं खाल्लं त मिटते. लेकीनं खाल्लं त?"

तुळशीरामांनी ग्लास खाली ठेवला. विचार केला. "लेकीचं काही नसते त्यात," ते पुटपुटले. "लेकीचं खानं धरत नाहीत."

"मंग झालं त."

तिनं वाडगं पुढं ओढलं. वाडग्यासोबत आलेल्या, शेवया उचलायच्या दोन काड्या बाजूला ठेवल्या, प्राचीकडून चमचा मागितला. टोपलीतला सांबार चुरून वर घातला, लिंबू पिळलं. शेवया लांब लांब होत्या. तिनं त्या चमच्यावर गुंडाळल्या, फुंकर मारली आणि खाल्ल्या. मिटकन डोळे मिटले. मग दुसरा घास. मग तिसरा. सोजराबाईंची आणि हरिओमची वाडगी तशीच गार होत होती. त्या रागानं त्यांच्या घशाखाली काही उतरणार नव्हतं, आणि समोर ही पोरगी, जिच्या खाण्याची कोणी नोंद धरत नव्हतं, ती एकटीच त्या टेबलावर जेवत होती.

"निर्लज्ज," सोजराबाई म्हणाल्या.

"वाढू का अजून?" प्राचीनं विचारलं.

"वाढ बाई."

मनकर्णाबाई खुर्चीमागं उभी राहिली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं तिला वाटलं. पण जेवत्या माणसाला हात लावू नये म्हणून तिनं तो खुर्चीच्या पाठीवरच ठेवला. योगिनी लहान असताना वाफ्याच्या बांधावर बसून अशीच भाकरी खायची, सगळं जग बाजूला सारून.

हरिओम डाव्या अंगानं तिच्याकडं वाकला. अगदी जवळ. ओठ तिच्या कानाला लागतील एवढा, आणि दात आवळून काही तरी बोलला. लांबलचक बोलला. ते ऐकून तुळशीरामांनी मान खाली घातली, सोजराबाईंनी पोराचा दंड धरला.

योगिनीनं मान वळवली नाही. तिनं वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि तळाशी राहिलेला रस्सा सावकाश पिऊन टाकला.